मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, तास किती, आणि हा हिशोब घरबसल्या कसा करायचा

मुलाचा किंवा मुलीचा मेसेज येतो, "तिकीट पाठवलंय, बघून घ्या", पीडीएफ उघडली की दिसतं मुंबईहून रात्री १:३० ला निघायचं आणि न्यूयॉर्कला सकाळी ८:०० ला उतरायचं, तारीखसुद्धा तीच. मग घरात चर्चा सुरू होते की साडेसहा तासात अमेरिका कशी काय आली, शेजारचे काका सांगतात आम्हाला तर बावीस तास लागले होते, भाचा म्हणतो सोळा तास, आणि गुगल म्हणतं साडेबारा हजार किलोमीटर. यातलं कोणीच चुकीचं सांगत नसतं, प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजत असतो. म्हणून हे एकदा नीट, पायरीपायरीने लिहून काढतोय, खास त्यांच्यासाठी जे पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालेत. मुंबई-न्यूयॉर्कचं उदाहरण घेतलंय कारण आपल्याकडचे खूप आईबाबा याच मार्गाने न्यू जर्सीला वगैरे जातात, पण रीत एकदा कळली की लंडन, सिडनी, टोरांटो कुठलीही जोडी घ्या, हिशोब तोच.

माझं म्हणणं आधीच सांगतो. किलोमीटरवरून प्लॅनिंग करू नका, तासांवरून करा, आणि तास मोजताना दोन्ही टोकांची घड्याळं आधी एकाच वेळेवर आणा आणि मगच वजाबाकी करा. एवढं जमलं की बाकी सगळं सोपं जातं.

पहिली पायरी: अंतर

मुंबई विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंत पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सगळ्यात कमी अंतर साधारण १२,५०० किलोमीटर आहे, मैलात म्हणाल तर ७,८०० च्या आसपास. नेवार्क विमानतळ हडसन नदीच्या पलीकडे न्यू जर्सीत आहे, त्याचं अंतरही जवळजवळ तेवढंच, पाचपंचवीस किलोमीटरचा फरक, तो विसरून जा. विमानवाले किलोमीटर वापरत नाहीत, ते नॉटिकल मैल वापरतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्यामुळे एखाद्या साइटवर ६,७०० - ६,८०० असा आकडा दिसला तर घाबरू नका, एकक वेगळं आहे इतकंच.

स्वतः मोजायचं असेल तर ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे, तिथे दोन विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकायचे, मुंबईचा बीओएम, न्यूयॉर्कचा जेएफके, नेवार्कचा ईडब्ल्यूआर, की अंतर आणि रेघ दोन्ही समोर. कॉम्प्युटरवर गुगल मॅप्स उघडून मुंबईवर राइट क्लिक केलं आणि अंतर मोजायचा पर्याय निवडला तरी चालतं, मग न्यूयॉर्कवर क्लिक करा. रेघ सरळ न येता वर उत्तरेकडे कमान करून येते आणि इथेच नव्या माणसाला पहिला प्रश्न पडतो.

रेघ वाकडी का येते

आपल्या डोक्यात शाळेच्या भिंतीवरचा नकाशा असतो. त्यावर मुंबईपासून डावीकडे सरळ गेलं की अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग, अटलांटिक आणि मग अमेरिका. पण पृथ्वी गोल आहे आणि तो नकाशा सपाट, गोल वस्तू सपाट कागदावर पसरायची तर कुठेतरी ताणावीच लागते, आणि भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा भाग खूप ताणलेला असतो. म्हणून ग्रीनलंड एवढं अवाढव्य दिसतं. १५६९ साली मर्केटरने जी पद्धत काढली तीच ही, जहाजवाल्यांना दिशा धरून जायला ती सोयीची होती, पण अंतर मोजायला ती फसवते.

किती फसवते ते बघा. त्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले आणि विमान खरोखर त्या सरळ रेघेवरून गेलं तर प्रवास साधारण १४,२०० किलोमीटरचा होतो, म्हणजे कमानीच्या वाटेपेक्षा १,७०० च्या आसपास जास्त. १,७०० किलोमीटर म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाऊन अर्ध्या वाटेत परत.

घरात नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर हे हाताने करून बघा, मला स्वतःला समजावून सांगायला हाच प्रकार सगळ्यात आवडतो. शिवणाचा जाड दोरा घ्या, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर न्या आणि दोरा घट्ट ओढा. सैल असतो तोपर्यंत तो कुठेही पडतो पण घट्ट केला की आपोआप सरकत सरकत उत्तरेकडे जाऊन बसतो, तीच सगळ्यात जवळची वाट. बोटाने त्या दोऱ्यावरून चालत जा: गुजरातकडून पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियन समुद्राच्या उत्तर टोकाजवळून रशिया, मग फिनलंडचं हेलसिंकी, स्वीडन-नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लाब्राडोर आणि तिथून खाली न्यूयॉर्क. गोल ३० सेंटीमीटर व्यासाचा असेल तर दोरा साडेएकोणतीस सेंटीमीटरच्या आसपास भरतो, त्यावर एक सेंटीमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. आता दोरा पट्टीवर ठेवा आणि गुणाकार करा, १२,५०० च्या जवळच उत्तर येईल. विमानात समोरच्या स्क्रीनवर नकाशा लागतो तेव्हा "आपण रशियाकडे का चाललोय" असं वाटून कोणी अस्वस्थ झालं तर त्यांना हा दोरा आठवू द्या.

खरं विमान मात्र या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही, ते पुढे सांगतो.

दुसरी पायरी: किलोमीटरवरून तास

लांब पल्ल्याची मोठी विमानं वर स्थिर झाल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातात, उंची साधारण ३५,००० फूट म्हणजे साडेदहा-अकरा किलोमीटर. मग १२,५०० भागिले ९०० म्हणजे चौदा तास असं लोक करतात आणि तिकिटावर सोळा बघून गोंधळतात. कारण तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते. गेटवरून मागे ढकललं तिथून घड्याळ चालू, मग रनवेपर्यंत रांगेत सरकणं, चढायला वेळ, उतरताना वेग कमी, उतरल्यावर परत गेटपर्यंत सरकणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं, वर वाऱ्याचा आणि वळसा घेण्याचा हिशोब वेगळा.

मी वापरतो ते ठोकळ सूत्र असं: पश्चिमेकडे जाताना अंतर भागिले ८००, अधिक पाऊण तास. पूर्वेकडे येताना अंतर भागिले ९००, अधिक पाऊण तास. करून बघा.

मुंबई-न्यूयॉर्क १२,५०० भागिले ८०० म्हणजे साडेपंधराच्या थोडं वर, अधिक पाऊण, सव्वासोळा तास. परतीला १२,५०० भागिले ९०० म्हणजे चौदाला थोडं कमी, अधिक पाऊण, साडेचौदा-पावणेपंधरा. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर आहे, जाताना पावणेदहा, येताना पावणेनऊ. मुंबई-दुबई १,९३० च्या आसपास, जाताना तीन तास दहा मिनिटं. तिकिटावरच्या वेळा याच्या आसपासच सापडतील, दहावीस मिनिटं इकडेतिकडे. उत्तर-दक्षिण प्रवासाला वाऱ्याचा तेवढा फरक पडत नाही, मुंबई-दिल्ली ८०० नेच भागलं तरी दोन तास दहा मिनिटं येतं, जे तिकिटावर दिसतं.

आणि हो, पाऊण तास छोट्या प्रवासातसुद्धा तेवढाच लागतो, म्हणून जवळच्या शहराला जाताना विमानाचा फायदा कमी होत जातो.

जाताना जास्त, येताना कमी, असं का

पृथ्वी खाली फिरतेय म्हणून, असं उत्तर खूप जण देतात, ते बरोबर नाही, हवा पृथ्वीबरोबरच फिरते. कारण आहे वारा. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना, वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर सहज आणि हिवाळ्यात कधी कधी तीनशेच्याही वर. विमानाचा स्वतःचा वेग हवेच्या तुलनेत तोच राहतो पण हवाच पुढे धावत असेल तर जमिनीच्या हिशोबाने आपण जास्त पळतो. न्यूयॉर्कहून मुंबईकडे येताना हा वारा पाठीशी असतो, जाताना समोरून. स्क्रीनवर ग्राउंड स्पीड दाखवतात त्यावर लक्ष ठेवा, येताना अटलांटिकवर तो ताशी १,००० च्या वर गेलेला दिसतो, जाताना ८०० च्या आसपास घोटाळतो, तो फरक हाच.

पायलट लोक हे बघूनच रोज वाट ठरवतात, जाताना जोरदार वाऱ्याला टाळून आणि येताना त्याला धरून, म्हणून आज ज्या वाटेने गेलं उद्या त्याच वाटेने जाईल असं नाही. जानेवारीत जाताना जास्त वेळ लागला आणि जुलैमध्ये कमी, असं झालं तर त्यामागेही बहुतेक हेच.

तिसरी पायरी: तिकिटावरच्या वेळा वाचायच्या कशा

सगळा गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा. तिकिटावर जिथली वेळ लिहिलीय ती तिथल्या स्थानिक घड्याळाची. मुंबईची मुंबईची, न्यूयॉर्कची न्यूयॉर्कची. त्या दोन वेळांची सरळ वजाबाकी करायची नाही.

भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरलीय, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात ग्रिनिचच्या पाच तास मागे आणि उन्हाळ्यात चार तास मागे. म्हणजे आपण त्यांच्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास पुढे आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे.

आता सुरुवातीचं तिकीट घ्या. जुलै महिना, मुंबई रात्री १:३०, न्यूयॉर्क सकाळी ८:००. न्यूयॉर्कच्या आठमध्ये साडेनऊ तास मिळवा, भारतात तेव्हा संध्याकाळचे ५:३० वाजलेले असतात. १:३० ते १७:३०, सोळा तास. झालं. भाचा बरोबर सांगत होता.

परतीचं बघा. न्यूयॉर्क दुपारी १२:३०, मुंबई दुपारी १२:३० आणि बाजूला छोटंसं "+१". तो +१ म्हणजे दुसऱ्या दिवशी. निघतानाच्या वेळी भारतात रात्रीचे १० वाजलेले असतात, तिथून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा म्हणजे साडेचौदा तास. घड्याळाप्रमाणे पूर्ण चोवीस तास गेले पण खुर्चीत साडेचौदाच बसलात.

तोंडी करायला एक युक्ती आहे. भारतातल्या वेळेचं न्यूयॉर्कमध्ये काय झालं हे हवं असेल तर सकाळचं रात्र करा, रात्रीचं सकाळ, आणि त्यात उन्हाळ्यात अडीच तास मिळवा, हिवाळ्यात दीड. इकडे रात्रीचे साडेआठ, तिकडे सकाळचे साडेआठ अधिक अडीच, अकरा. उलट दिशेने करताना तेवढेच वजा करा. फोन करायची वेळ ठरवायलाही हीच पद्धत कामाला येते, माझ्या ओळखीतल्या कितीतरी काकू आता कागदपेन न घेता पटकन सांगतात.

अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. भारतात असं काही नाही, दुबई-दोहातही नाही. ब्रिटन आणि युरोपात करतात पण त्यांची तारीख वेगळी, मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. त्यामुळे मार्चमध्ये दोनतीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर लंडन-न्यूयॉर्कमधला फरक नेहमीपेक्षा एक तासाने वेगळा असतो. या दिवसांत लंडनवरून जाणार असाल तर मधला थांबा स्वतः परत मोजा, जुन्या तिकिटावरून अंदाज बांधू नका. तिकिटावरच्या वेळा मात्र त्या तारखेप्रमाणे बरोबरच छापलेल्या असतात.

मध्यरात्रीची तारीख, हे दोनदा वाचा

मुंबईहून परदेशी जाणाऱ्या बऱ्याच फ्लाइट मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, वेळ १:३० असेल तर विमानतळावर पोचायचंय १४ तारखेच्या रात्री, साडेदहापर्यंत. १५ च्या रात्री गेलात तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असेल. हे ऐकायला साधं वाटतं पण घरच्या कॅलेंडरवर "१५ ला अमेरिका" असं लिहिलेलं असतं आणि तिथेच घोटाळा होतो. कॅलेंडरवर १४ तारखेवर लिहा, "आज रात्री निघायचं", आणि ड्रायव्हरला गाडी सांगतानाही १४ चीच सांगा.

विमानतळ कुठला तेही बघा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळसुद्धा सुरू झालाय, त्याचा कोड एनएमआय, तिकिटावर बीओएम आहे की एनएमआय हे बघितल्याशिवाय गाडी ठरवू नका. कोल्हापूर, नाशिक, नागपूरकडून आतल्या विमानाने येऊन पुढचं विमान पकडणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं म्हणजे मधे अख्खं शहराचं ट्रॅफिक.

चौथी पायरी: मधे थांबा असेल तर

नॉनस्टॉप म्हणजे मधे कुठेच न उतरणारं. डायरेक्ट लिहिलेलं असेल तर फ्लाइट नंबर एकच पण मधे विमान उतरू शकतं, म्हणून "स्टॉप" या रकान्यात शून्य आहे का ते बघायचं. नॉनस्टॉपचं वेळापत्रक सीझनप्रमाणे बदलत असतं, बुक करताना त्या महिन्याचं बघा.

लोकांना वाटतं दुबईवरून गेलं म्हणजे खूप लांबून गेलं. मोजून बघा. मुंबई-दुबई १,९३०, दुबई-न्यूयॉर्क ११,०००, बेरीज साधारण १२,९३०. नॉनस्टॉपच्या वाटेपेक्षा चारेकशे किलोमीटर जास्त, म्हणजे विमानाच्या भाषेत अर्धा तास. लंडनवरून तर त्याहून कमी, ७,२०० अधिक ५,५४०, बेरीज १२,७४०. कारण ही शहरं त्या कमानीपासून फार दूर नाहीत. वेळ जातो तो जमिनीवर, उतरणं, सुरक्षा तपासणी, गेट शोधणं, बसून राहणं.

एक उदाहरण पूर्ण सोडवतो. जुलै, मुंबईहून पहाटे ४:३० ला निघालात, सव्वातीन तासांनी दुबई. भारतात ७:४५, दुबई आपल्या दीड तास मागे म्हणून तिथे ६:१५. पुढचं विमान तिथल्या ८:३० ला, म्हणजे थांबा सव्वादोन तासांचा. मग चौदा तास उड्डाण, दुबईत रात्रीचे १०:३०, न्यूयॉर्क उन्हाळ्यात दुबईच्या आठ तास मागे म्हणून तिथे दुपारचे २:३०. एकूण सव्वातीन, सव्वादोन आणि चौदा, साडेएकोणीस तास. आता पडताळा घ्या: न्यूयॉर्कचे २:३० म्हणजे भारतात रात्रीचे १२, पहाटे ४:३० पासून रात्री १२ पर्यंत साडेएकोणीस. दोन्ही बाजूंनी तेच उत्तर आलं की समजायचं हिशोब बरोबर. शेजारच्या काकांचा थांबा पाच तासांचा असेल, त्यांचे बावीस तास असेच झाले.

थांबा किती असावा? सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर दोन तासात होतं, पण वयस्कर माणसं असतील, व्हीलचेअर सांगितली असेल, तर मी तीन तासांच्या खाली जाऊ नका म्हणेन. दोन वेगवेगळी तिकिटं काढून स्वस्तात जोडायचा मोह होतो, पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी राहत नाही, सामानही बहुधा बाहेर जाऊन घेऊन परत द्यावं लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतच विमान बदलायचं असेल, समजा न्यूयॉर्कहून पुढे शार्लट किंवा डॅलस, तर एक गोष्ट नक्की माहीत असू द्या. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, तिथेच पट्ट्यावरून बॅगा घ्यायच्या, कस्टममधून बाहेर पडायचं आणि त्या परत पुढच्या विमानासाठी द्यायच्या, मुंबईत टॅग शेवटच्या शहरापर्यंतचा लावला असला तरी. म्हणून तिथे तीन तास तरी ठेवा. अबुधाबीवरून जाताना याला अपवाद आहे, तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीतच उरकतं आणि अमेरिकेत उतरल्यावर तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता, पण मग तो वेळ अबुधाबीच्या थांब्यात धरावा लागतो.

वाट अचानक लांब होते तेव्हा

दोऱ्यावरचे देश आठवा. त्यातल्या एखाद्याने हद्द बंद केली की विमानाला वळसा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, भारतानेही त्यांच्या विमानांना केली. दिल्लीहून उत्तर अमेरिकेच्या फ्लाइटना त्याचा मोठा फटका बसला, काहींना वाटेत व्हिएन्नात तेल भरायला थांबावं लागलं. मुंबईहून अरबी समुद्रावरून आखाताकडे जाता येतं म्हणून इथे त्रास तुलनेने कमी. रशियाची हद्द २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद आहे. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात आखाती भागातलीही हवाई हद्द काही काळ बंद झाली होती.

म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या माणसाचे तास तुम्हाला लागू होतीलच असं नाही. याला सोपा उपाय आहे. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर तुमचा फ्लाइट नंबर टाका, मागच्या काही दिवसांत ते विमान खरोखर कधी सुटलं, कधी उतरलं, किती तास हवेत होतं आणि कुठल्या वाटेने गेलं हे सगळं दिसतं. निघायच्या आठवडाभर आधी रोज एकदा बघा, नेहमी अर्धा तास उशिरा सुटतं की वेळेवर, याचा चांगला अंदाज येतो आणि मधला थांबा पुरेल का तेही कळतं.

पाचवी पायरी: दारापासून दारापर्यंत

तिकिटावरचे सोळा तास हे तुमच्या प्रवासातले फक्त मधले तास आहेत. पुण्यातल्या कोथरूडहून न्यू जर्सीतल्या एडिसनला जाणाऱ्या जोडप्याचा हिशोब घालू. विमान रात्री १:३० चं, तीन तास आधी पोचायचं म्हणून साडेदहा, पुण्याहून मुंबई विमानतळ साडेतीन-चार तास, एक्सप्रेस वेवर घाटात अडकायची भीती आणि वाटेत जेवायला थांबणं धरून संध्याकाळी सहाला घर सोडायचं. सहा ते दीड, साडेसात तास. मग विमानात सोळा. जेएफकेला इमिग्रेशनची रांग, बॅगा, कस्टम, यात दीड-दोन तास धरा. तिथून एडिसनपर्यंत गाडीने तास-सव्वा तास, ट्रॅफिक असेल तर जास्त. बेरीज साडेसव्वीस तास. पुण्यात संध्याकाळी सहाला कुलूप लावलं आणि तिथल्या सकाळी अकराला मुलाच्या घरी चहा घेतला, तेव्हा भारतात दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ वाजलेत.

हा आकडा आधी माहीत असला की बाकीचे निर्णय नीट होतात. डबा किती वेळचा घ्यायचा, निघायच्या दिवशी दुपारी झोप काढायची की नाही, गोळ्या किती हातातल्या बॅगेत ठेवायच्या. डायबेटिसवाल्यांनी डॉक्टरांना दोन आकडे सांगावेत, एकूण प्रवास किती तासांचा आणि तिथलं घड्याळ किती मागे, इन्सुलिन किंवा गोळ्यांच्या वेळा त्यावरून डॉक्टरच ठरवून देतील, स्वतःच्या मनाने "रात्रीची गोळी रात्री" असं करू नका कारण पश्चिमेकडे जाताना तो दिवस साडेनऊ-साडेदहा तासांनी लांबलेला असतो. औषधं चेक-इन बॅगेत टाकायची नाहीत, चिठ्ठी सोबत ठेवायची. जेवण शाकाहारी किंवा जैन हवं असेल तर ते आधी नोंदवावं लागतं, साधारण एक-दोन दिवस आधी तरी, ऐनवेळी विमानात मागून मिळेलच असं नाही. दर दोन तासांनी उठून खुर्च्यांमधल्या वाटेतून एक चक्कर मारा आणि पाणी पीत राहा, इतके तास पाय लोंबकळत ठेवून बसणं चांगलं नाही, पायाच्या शिरांचा आधीपासून त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून दाबाचे मोजे घाला.

तिथे गेल्यावर पहाटे दोन-तीनला टक्क जाग येईल, ते होणारच. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तासाच्या हिशोबाने सरकतं, त्यामुळे पूर्ण बसायला आठवडा तरी जातो, आणि बहुतेकांना परत आल्यावर, म्हणजे पूर्वेकडचा प्रवास झाल्यावर, जास्त त्रास होतो. पहिल्या दोन दिवसांत लांबचे कार्यक्रम ठेवू नका, दिवसा उजेडात बाहेर फिरा, एवढं पुरे.

घ्यायला येणाऱ्या मुलांसाठीही एक सांगायचंय. फ्लाइट लँड झाली असा मेसेज दिसला म्हणजे आईबाबा दहा मिनिटांत बाहेर येतील असं नाही, लँडिंगनंतर गेटला लागायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात आणि पुढची रांग वेगळी. त्यांच्या भारतातल्या सिमला तिथे नेटवर्क लागेलच असं नाही, म्हणून निघतानाच कुठल्या टर्मिनलला, कुठल्या दाराजवळ भेटायचं ते ठरवून घ्या आणि तुमचा फोन नंबर, पत्ता एका कागदावर लिहून बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवायला सांगा, इमिग्रेशनला कुठे राहणार असं विचारतात तेव्हाही तोच कागद दाखवता येतो.

सिडनीला जाणाऱ्यांसाठी जाता जाता: मुंबईपासून साधारण १०,१५० किलोमीटर, तिथलं घड्याळ आपल्या पुढे, आपल्या थंडीत साडेपाच तास आणि आपल्या पावसाळ्यात साडेचार, कारण त्यांचा उन्हाळा डिसेंबरात असतो. वजाबाकी करायची रीत तीच, फक्त तिथली वेळ भारतीय वेळेत आणताना मिळवायच्या ऐवजी वजा करा.